पक्षकार नसलेला माणूस

मार्सेलिसच्या बंदरातली उडी महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. 'मोरिया' बोट, शौचकूपाचे चिंचोळे गवाक्ष, समुद्र, धक्का आणि किनाऱ्यावर धावत सुटलेले सावरकर. त्यावर चित्रे निघाली, पोवाडे झाले, दर ८ जुलैला भाषणे होतात. या उडीमुळे हेगला जो खटला उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी ज्याचा निकाल लागला, त्याची वासलात मात्र आपण एका ओळीत लावतो : निकाल इंग्रजांच्या बाजूने गेला, जायचाच होता. सावरकरांचे भक्त उडीशी थांबतात, टीकाकार अंदमानातल्या अर्जांशी. निकालपत्र कोणी उघडत नाही. ते काही लांबलचकही नाही. पण आंतरराष्ट्रीय कायद्याच्या लेखी माणसाची किंमत काय, हे मला मानवाधिकारांवरच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा त्या थोड्या पानांत जास्त स्वच्छ दिसते.

घडले ते असे. लंडनच्या पोलिसांनी २९ जून १९१० ला पॅरिसच्या पोलिसांना कळवून ठेवले होते की अमुक कैदी अमुक बोटीने हिंदुस्थानात नेला जात आहे, बोट मार्सेलिसला थांबेल, लक्ष असू द्या. बोट ७ जुलैला बंदरात लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सावरकर निसटले, पोहून धक्क्याला लागले, थोडे अंतर धावले आणि फ्रेंच सागरी पोलिसांच्या एका जमादाराने त्यांना धरले. मागून बोटीवरची माणसे आलीच होती. सगळ्यांनी मिळून त्यांना पुन्हा बोटीवर चढवले. ९ तारखेला बोट सुटली. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला ना न्यायाधीशापुढे उभे केले गेले, ना प्रत्यार्पणाचा अर्ज झाला, ना कसली चौकशी. बोट निघून गेल्यावर फ्रान्सला जाग आली. 'ल्यूमानिते' या समाजवादी पत्रात मार्क्सचा नातू जाँ लाँग्वे याने हे प्रकरण लावून धरले, आणि आपल्या सार्वभौमत्वाला धक्का लागला हे फ्रेंच सरकारच्या ध्यानात आले. दोन्ही सरकारांनी ऑक्टोबरात करार करून लवादापुढे एकच प्रश्न ठेवला : सावरकर यांना ब्रिटनने फ्रान्सकडे परत द्यावे की देऊ नये?

लवादात पाच जण होते. अध्यक्ष बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट आणि फ्रान्सचे लुई रेनो हे दोघेही शांततेचे नोबेल मिळवलेले. म्हणजे त्या काळी जगातले सर्वांत सज्जन कायदेपंडित म्हणावेत अशी ही मंडळी. त्यांनी काय ठरवले? अटकेत आणि हवाली करण्यात नियमबाह्यता झाली हे खरे. पण फसवणूक झाली नाही, बळजबरी झाली नाही, सगळे सद्‌हेतूने वागले. परक्या देशाच्या नोकराने चुकून कैदी हातात दिला, तर तो परत करावा असा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही.

या सगळ्यात सावरकर कुठे होते? मुंबईच्या तुरुंगात. हेगला वकिलांची भाषणे सुरू झाली ती फेब्रुवारीच्या मध्याला. त्याआधीच, डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये, त्यांना दोन जन्मठेपा, मिळून ५० वर्षे, ठोठावून झाल्या होत्या. लवाद नेमला गेला म्हणून मुंबईतला खटला एक दिवस थांबला नाही. त्यांना हेगला नेले नाही, त्यांचे म्हणणे मागवले नाही, त्यांच्या वतीने कोणी बोलले नाही. खटल्याला आजही त्यांचेच नाव आहे, पण ते त्यात पक्षकार नव्हते. गावच्या कोंडवाड्यात दुसऱ्याचे जनावर शिरावे, दोन मालकांनी पंचांपुढे भांडावे आणि दावणीला बांधलेल्या जनावराला कोणी विचारू नये, तसा हा प्रकार. फ्रान्ससुद्धा 'या माणसाला आश्रय मागण्याचा हक्क होता' असे म्हणत नव्हता. 'त्याला आश्रय द्यायचा की नाही हे ठरवण्याचा आमचा हक्क होता' असे म्हणत होता. हा फरक वकिली वाटेल, पण सगळे त्यातच आहे. आणि तो अजून मिटलेला नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या १४ व्या कलमाने माणसाला आश्रय मागण्याचा आणि मिळाल्यास उपभोगण्याचा हक्क दिला. तो देण्याचे बंधन मात्र कोणत्याही देशावर घातले नाही.

या निकालाला छेद देणारा एक प्रसंग पुढे त्याच लंडनमध्ये घडला. १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे न्यूझीलंडच्या एका नागरिकाचे प्रकरण आले. त्याला दक्षिण आफ्रिकेतून रीतसर प्रत्यार्पण न करता, विमानात घालून इंग्लंडला आणले होते. न्यायाधीशांनी सांगितले, प्रत्यार्पणाची वाट सोडून माणूस असा आणला असेल तर आमची न्यायालये त्याच्यावर खटला चालवायला नकार देऊ शकतात. कायदा असाही पुढे सरकतो, पण त्याला ८२ वर्षे लागली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आदल्याच वर्षी अगदी उलट निकाल दिला होता, हेही नोंदवायला हवे.

इथे माझ्याच मांडणीला अडचणीचे ठरणारे उदाहरण बाजूला सारणे बरे नाही. १९६० मध्ये इस्रायलच्या हेरांनी आइकमनला अर्जेंटिनातून चक्क पळवून आणले. सुरक्षा परिषदेने त्यावर ठराव केला, तरी जेरुसलेमच्या न्यायालयाने खटला चालवला आणि त्याला फाशी झाली. लाखो ज्यूंना मरणछावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था पाहणारा माणूस प्रत्यार्पणाची कागदपत्रे नव्हती म्हणून ब्यूनोस आयर्सला परत पाठवावा, असे मी म्हणू शकत नाही. पण त्या खटल्यात एक गोष्ट झाली. आइकमन काचेच्या पिंजऱ्यात का होईना, न्यायालयात हजर होता, त्याला वकील होता, साक्षीदारांची उलटतपासणी झाली, अपील झाले. १९११ च्या हेगमध्ये एवढेही नव्हते.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपला प्रांत पुन्हा गाजला तो दादरा-नगर हवेलीच्या दाव्यात. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी दादरा आणि मग सिल्वासा पोर्तुगिजांकडून घेतले. गीतरामायणाला चाली लावण्याच्या आदल्याच वर्षी सुधीर फडके या मोहिमेत होते, हे संगीतप्रेमींना आठवत असेल. पोर्तुगालला दमणहून तिथे कुमक पाठवायची होती, भारताने वाट दिली नाही. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि २२ डिसेंबरला त्याने हेगला भारतावर दावा ठोकला. जेमतेम आठ दिवस, अशी घाई! पुढे जवळजवळ सव्वाचार वर्षे मोठमोठे वकील १७७९ सालच्या पुण्याच्या तहावर कीस पाडत बसले. पोर्तुगालचे म्हणणे, पेशव्यांनी ही गावे आम्हाला तोडून दिली. आपले म्हणणे, पेशव्यांनी फक्त वसूल दिला, वर्षाला बारा हजार रुपयांचा सरंजाम, राज्य दिले नाही. न्यायालयाने या मुद्द्यावर आपले मानले. नाना फडणिसांच्या काळातला दप्तरखान्याचा मामला हेगच्या शांतता प्रासादात वाचला जातो, तिथल्या निकालाला वळण देतो, याची गंमत इतिहासाच्या माणसाला वाटल्यावाचून राहणार नाही. १२ एप्रिल १९६० चा निकाल दोघांनाही थोडा-थोडा देणारा होता. ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेल्या वहिवाटीमुळे पोर्तुगालला नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क होता, सैन्य आणि शस्त्रे नेण्याचा नव्हता; आणि १९५४ मध्ये वाट अडवून भारताने काही गैर केले नाही.

आपण जिंकलो असे म्हणायला हरकत नाही. पण या निकालपत्रातही नगर हवेलीतले वारली, धोडिया, कोकणा सापडत नाहीत. त्यांना लिस्बनचे राज्य हवे होते का, दिल्लीचे हवे होते का, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. प्रश्न वाटेचा होता. वाटेवरून कोण जाऊ शकतो याचा काथ्याकूट झाला, वाटेच्या शेवटी राहतो कोण याचा झाला नाही. गंमत अशी की १९५४ पासून तिथे 'वरिष्ठ पंचायत' कारभार बघत होती, आणि १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कोणीतरी अधिकारी हवा म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान करण्यात आले. एका बाजूला नेहरू, दुसऱ्या बाजूला हे एक दिवसाचे पंतप्रधान. राज्यांच्या कायद्यात शिरायचे तर माणसांना आधी राज्याचा वेष चढवावा लागतो, तो असा.

तिसरे प्रकरण ताजे आहे. कुलभूषण जाधव यांना मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने पकडले. बलुचिस्तानात, असे ते म्हणतात; इराणमधून पळवले, असे भारत म्हणतो. लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये हेरगिरीबद्दल फाशी सुनावली. पुढच्या महिन्यात भारत हेगला गेला. नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी एक रुपया घेऊन बाजू मांडली, हे आपल्याकडे फार कौतुकाने सांगितले जाते. ते मांडत काय होते, हे कमी सांगितले जाते. जाधव निर्दोष आहेत, असे न्यायालयाने ठरवावे हा मुद्दा हेगला नव्हताच. तसा अधिकारही त्या न्यायालयाला नव्हता. मुद्दा १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाचा होता. परदेशी नागरिकाला अटक केली, तर त्याला विनाविलंब सांगायचे की तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचा तुला हक्क आहे, आणि त्याने मागितल्यास कळवायचे. वकिलातीच्या माणसाला त्याला भेटू द्यायचे. एवढेच. कारकुनी वाटावे असे कलम.

या कारकुनी कलमाने किती वजन उचलले ते पाहा. अ‍ॅरिझोनात लाग्रां नावाच्या दोन जर्मन भावांना खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. वकिलातीचा हक्क त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. एकाला मारल्यावर दुसऱ्यासाठी जर्मनी हेगला धावली, न्यायालयाने फाशी थांबवायला सांगितले, तरी ३ मार्च १९९९ ला वॉल्टर लाग्रांला विषारी वायूच्या कोठडीत मारण्यात आले. माणूस गेला. पण २००१ च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या : आमचे तात्पुरते आदेश बंधनकारक असतात, आणि ३६ व्या कलमातले हक्क केवळ देशाचे नाहीत, त्या अटक झालेल्या माणसाचेही आहेत. १९११ मध्ये जे नव्हते ते इथे प्रथमच हेगच्या कागदावर आले. जाधव १८ मे २०१७ च्या आदेशामुळे वाचले, त्यामागे लाग्रां बंधूंचे मरण उभे आहे. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ मतांनी न्यायालयाने म्हटले, पाकिस्तानने ३६ वे कलम मोडले. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, तोवर फाशी नाही. हेरगिरीच्या आरोपात हे कलम लागू नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद फेटाळला. शिक्षा रद्द करून सोडून द्या, ही आपली मागणीही फेटाळली. दोन्हीकडच्या वाहिन्यांनी त्या रात्री आपापला विजय साजरा केला.

निकालाच्या आधीची एक गोष्ट मला या खटल्यातल्या सगळ्या कायदेशीर वादांहून जास्त बोलकी वाटते. २५ डिसेंबर २०१७ ला इस्लामाबादमध्ये जाधव यांची आई आणि पत्नी त्यांना भेटायला गेल्या. मध्ये काच, बोलायचे इंटरकॉमवरून. त्याआधी दोघींची मंगळसूत्रे, बांगड्या, कुंकू उतरवायला लावले, कपडे बदलायला लावले, पत्नीचे बूट काढून घेतले ते परत दिले नाहीत. आणि आई मुलाशी मराठीत बोलू लागली तेव्हा तिला पुन्हा पुन्हा अडवले, शेवटी बोलूच दिले नाही, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीर केले. व्हिएन्ना करारात मातृभाषेबद्दल एक अक्षर नाही. कोणत्या भाषेत बोलायचे हे राज्य ठरवते, कारण ऐकणारे राज्य आहे. त्या खोलीत आई-मुलाची भेट होत नव्हती, दोन सरकारांची होत होती.

तरीही जाधव आजवर जिवंत आहेत ते कोणाच्या दयेवर किंवा मोठ्या तत्त्वघोषणेवर नाही. एका रुक्ष कलमावर आणि त्याच करारासोबतच्या एका ऐच्छिक पूरक करारावर, ज्यात वाद झाल्यास हेगला जाऊ असे दोन्ही देशांनी कबूल करून ठेवले होते. तो पूरक करार नसता तर दार बंदच होते. पाकिस्तानने १९९९ मध्ये आपल्या हवाई दलाने पाडलेल्या विमानावरून आपल्यावर दावा लावला, तेव्हा २००० साली तो फेटाळला गेला तो आपण स्वतःच १९७४ मध्ये 'राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद वगळून' अशी अट घालून ठेवली म्हणून. ज्या दिवशी आपल्यावर दावा होता, त्या दिवशी आपल्याला ती अट फार शहाणपणाची वाटली. जाधवांच्या वेळी आपण फटीतून आत शिरलो, इतकेच.

आता उलट बाजू. ती पचायला जड आहे. अबू सालेमला २००२ मध्ये लिस्बनमध्ये अटक झाली. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसे गेली. त्यातला हा आरोपी. पोर्तुगालमध्ये फाशी नाही आणि आजन्म कैदही नाही. तेव्हा उपपंतप्रधान असलेल्या लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली : त्याला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैदेत ठेवले जाणार नाही. त्या हमीवर २००५ च्या नोव्हेंबरात तो मुंबईला आला. इथे आल्यावर हमीत नसलेले आणखी आरोप त्याच्यावर ठेवले गेले. पोर्तुगीज न्यायालयांनी प्रत्यार्पणाची परवानगीच मागे घेतली आणि मग ते आरोप आपल्याला मागे घ्यावे लागले. २०१७ मध्ये टाडा न्यायालयाने जन्मठेप दिली. ११ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालय म्हणाले, सरकारने दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे, २५ वर्षे पूर्ण झाली की सोडावे लागेल. निकाल आला तेव्हा मुंबईत चडफडणारे बरेच भेटले, आणि ज्यांची माणसे गेली त्यांचे चडफडणे मी चुकीचे म्हणणार नाही.

पण जरा या दोन प्रकरणांचे सांगाडे शेजारी ठेवून बघा. फ्रान्सने १९१० मध्ये एका हिंदी क्रांतिकारकाला जे दिले नाही – न्यायाधीश, चौकशी, हवाली करण्याआधीच्या अटी – ते पोर्तुगालने मुंबईच्या एका गुंडाला दिले. माणसांची तुलना करायची नाही. कोणी केली तर दोन्ही बाजूंचे लोक माझ्यावर धावून येतील आणि ते बरोबरच असतील. कायदा मात्र माणसे बघून चालला की तो १९११ चा होतो. जाधवांसाठी ३६ वे कलम आपल्याला प्राणप्रिय, आणि सालेमसाठी अडवाणींची सही म्हणजे निरुपयोगी कागद, असे एकाच तोंडाने म्हणता येत नाही. प्रत्यार्पणाच्या प्रत्येक पुढच्या अर्जात परदेशी न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतो : हे लोक दिलेला शब्द पाळतात का? शब्द मोडण्याची चैन फक्त ज्याला जगाकडून काही नको त्यालाच परवडते.

आतापर्यंतच्या माणसांमागे निदान एक राज्य उभे होते, भले आपल्या स्वार्थासाठी. ज्याची तक्रारच स्वतःच्या राज्याविरुद्ध, स्वतःच्या समाजाविरुद्ध आहे, त्याने काय करायचे? हा प्रश्न आंबेडकरांना १९४६ मध्येच पडला होता. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले आणि त्या जुलैत तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांनीही तसेच करावे असा विचार चालू आहे, असे कळवले. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. विजयालक्ष्मी पंडित बोलल्या. समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स, ज्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकाला हात लावला होता, मानवी हक्क हा शब्दप्रयोग जिथे आहे ते प्रास्ताविक. त्यांचे उत्तर होते : ही आमची अंतर्गत बाब आहे. महासभेने ते मानले नाही. नव्या भारताचा जागतिक व्यासपीठावरचा तो पहिला मोठा विजय.

पंचावन्न वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन तिथे गेले. भारत सरकारची भूमिका : जात म्हणजे वंश नव्हे, आमच्या संविधानात तरतूद आहे, बाहेरच्यांनी यात पडू नये. स्मट्सचेच उत्तर, फक्त इंग्रजीचा उच्चार बदललेला. शिवाय १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात 'कुळ' हा आधार घालण्याची सूचना भारतानेच केली होती, आणि त्या कराराच्या समितीने २००२ मध्ये त्यात जात येते असे स्पष्ट केले. आपणच उघडलेल्या दारावर आपणच पाठ टेकून उभे राहिलो.

बाकीचीही दारे तशीच. नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, पण त्याच्या ज्या पूरक कराराने एखाद्या नागरिकाला थेट समितीकडे तक्रार करता येते, तो नाही. युरोपात स्ट्रासबर्गच्या न्यायालयात माणूस स्वतःच्या सरकारला खेचू शकतो, आणि खेचतो. आपल्याकडे नागपूरच्या किंवा गडचिरोलीच्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या ही शेवटची पायरी. छळाविरुद्धच्या करारावर आपण ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली. पक्के करणे अजून बाकी. लोकसभेने २०१० मध्ये विधेयक मंजूर केले, ते पुढे विरून गेले. विधी आयोगाने २०१७ च्या आपल्या २७३ व्या अहवालात करार पक्का करा असे सांगितले. हातावर हात ठेवून सगळे बसले आहेत. 'पाश्चात्त्यांनी आम्हाला शिकवू नये' या वाक्याला टाळ्या पडतात हे मान्य. पण पोलीस कोठडीत मार खाणारा पाश्चात्त्य नसतो.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाबाबत आपला आक्षेप मला पूर्ण पोकळ वाटत नाही. सुरक्षा परिषदेतल्या पाच बड्यांना त्यात जास्तीचा हात आहे, अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत नाही, म्हणून भारत १९९८ मध्ये रोमला तटस्थ राहिला. पुतिन यांच्यावर वॉरंट असताना मंगोलियाने त्यांचे स्वागत केले. मोठ्यांना हात लागत नाही, हे खरे. पण फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ मध्ये हेगला पोचले, हेही खरे. 'मोठा सुटतो म्हणून कायदाच नको' हा युक्तिवाद नेहमी मोठ्यांनाच सोयीचा असतो. आपण मोठे होऊ पाहतो आहोत, म्हणून तो आपल्याला हळूहळू आवडू लागला आहे, अशी मला शंका आहे.

मोठ्या खटल्यांवरून नजर काढून नगर हवेलीच्या शेजारच्या पालघर जिल्ह्याकडे यावे. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात रेघ आखलेली नसते. बोट पलीकडे गेली, किंवा गेली असे पाकिस्तानी सुरक्षा दलाला वाटले, की बोटीसह माणसे कराचीच्या मलीर तुरुंगात. गुन्हा किरकोळ, शिक्षा काही महिन्यांची. तरी माणसे वर्षानुवर्षे अडकतात, काही तिथेच मरतात. इकडे गुजरातच्या तुरुंगांत पाकिस्तानी मच्छीमारांचीही तीच गत. भारत-पाकिस्तानमध्ये २१ मे २००८ चा करार आहे : अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीची भेट, आणि राष्ट्रीयत्व पक्के झाले व शिक्षा संपली की एका महिन्यात सुटका. जाधव खटल्यात पाकिस्तानने याच कराराच्या एका कलमाचा आडोसा घेतला होता. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही सरकारे कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करतात, ती कधी चुकत नाही. युद्धाचे वातावरण असले तरी नाही. त्या याद्यांतल्या कैद्यांसाठी दोन्ही बाजूंच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती तुरुंगांना भेटी देत असे. ती गेली कित्येक वर्षे बसलेली नाही.

या खलाशांसाठी कोणी हेगला जाणार नाही. वादी व्हायचे ते राज्याने, आणि इथे दोन्ही राज्ये करार मोडणारीच आहेत. एकाने दुसऱ्यावर दावा लावला की उद्या तोच कागद आपल्यावर फिरेल, हे दोघांना ठाऊक आहे. पण भारताला स्वतःपुरता तो करार पाळायला कोणी अडवलेले नाही. शिक्षा संपलेल्या पाकिस्तानी मच्छीमाराला महिन्याच्या आत वाघा सीमेवर नेऊन सोडायचे. राष्ट्रीयत्वाची खातरजमा तेवढी पाकिस्तानने करायची, आणि ती तीन महिन्यांत आली नाही तर नावासकट जाहीर करायचे की उशीर कोणाचा. समितीवर आपले न्यायाधीश नेमायला इस्लामाबादची परवानगी लागत नाही. पालघरच्या एखाद्या पाड्यावर घरच्यांना आपला माणूस यादीत आहे की नाही हे आज कुणा पत्रकाराकडून किंवा मच्छीमार संघटनेकडून कळते; ते तहसीलदाराने सात दिवसांत लेखी कळवायचे, असा साधा शासन निर्णय मुंबईहून निघू शकतो. त्याला तर दिल्लीही लागत नाही.